साडेबाराची बस

नंदा ओव्हाळ यांचं नाव पुण्यात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, पण निम्मं पुणं त्यांच्याशी कधी ना कधी बोललेलं होतं. पुणे स्टेशनच्या बसथांब्यावर चौकशीची एक खिडकी होती, हातभर रुंद, गज लावलेली. त्या गजांमागे नंदाबाई चौतीस वर्षं बसल्या. बाहेरून लोक गावाचं नाव टाकायचे, आतून त्या बस सांगायच्या. एखाद्याने आळंदीच्या बसला टेकून उभं राहून आळंदीची बस कुठे लागते असं विचारलं, तर "तुमच्या पाठीला" एवढंच उत्तर मिळायचं, तेही मान वर न करता.

बोलणं असं तिरकं असलं, तरी सांगितलेली बस कधी चुकली नाही. शंका आली तर त्या डेपोत फोन लावून खात्री करायच्या, मागची रांग कितीही कावो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणावं, पण परक्या माणसाला चुकीची बस सांगू नये, कारण तो आपल्या शब्दावर विसंबून चढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. रोज सकाळी वंदना घेताना पंचशीलातलं खोटं न बोलण्याचं शील त्या इतरांपेक्षा जरा मोठ्याने म्हणायच्या. त्यांचे पती दशरथ हयात होते तोवर यावरून त्यांची चेष्टा करायचे. दशरथ जाऊन आता अकरा वर्षं झाली, आणि निवृत्त झालेल्या नंदाबाई विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत एकट्याच राहत होत्या.

त्यांना एक शौक होता, पत्रांचा. एकोणनव्वद साली एका साप्ताहिकाच्या पत्रमैत्रीच्या सदरात त्यांना मॉरिशसमधला एक पत्ता सापडला. वाक्वा नावाच्या गावातली पूर्णिमा नावाची बाई, मराठीची शिक्षिका. तिच्या खापरपणज्याने रत्नागिरीकडून जहाज पकडलं होतं, आणि मराठी तिने पुस्तकांतून कष्टाने शिकली होती. पहिल्याच पत्रात तिने लिहिलं होतं, "आमच्या पाठ्यपुस्तकात ग्रीष्म ऋतू आहे, परंतु आम्ही तो पाहिलेला नाही. कृपया वर्णन करावे." तिच्या गावात म्हणे वर्षभर पावसाची भुरभुर, घराबाहेर पडायचं ते छत्री घेऊनच.

नंदाबाईंनी वर्णन केलं. दर एप्रिलात एक लांबलचक पत्र जायचं. डांबर कसं मऊ होतं, बसचा दांडा कसा तापतो आणि कंडक्टर त्याला रुमाल कसा गुंडाळतो, माठाखाली वाळू कशी घालतात, गच्चीवर झोपायला जागा धरण्यावरून कशी भांडणं होतात. सुट्टीत कोणत्या बसने कुठे जायचं तेही असायचं. खडकवासल्याच्या पाण्यावरून येणारा वारा, काठावरची भजी, भिजलेली पोरं, हे तर पूर्णिमाने वर्गात इतक्यांदा वाचून दाखवलं की तिच्या विद्यार्थ्यांना आपल्या राजधानीच्या, पोर्ट लुईच्या आधी खडकवासला पाठ झालं. एकदा तरी ते पाणी बघायचं, असं ती दर पत्रात लिहायची. छत्तीस वर्षं हे चाललं.

उन्हाळ्याच्या आडून मग घरचंही जायला लागलं. विश्रांतवाडीत भिंतींना कान होते. वाक्व्याला सांगितलेलं मध्ये समुद्र असल्यामुळे परत यायचं नाही, अशी नंदाबाईंची समजूत. म्हणून आठ वर्षांपूर्वीचं ते प्रकरणही त्यांनी एकट्या पूर्णिमाला लिहिलं.

प्रकरण त्यांच्या मुलीचं, चैतालीचं. तिचा नवरा चेतन, स्वभावाने सरळ पोरगा, पण त्याची नोकरी गेली आणि त्याने ती गेल्याचं घरात सांगितलंच नाही. पाच महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, संभाजी बागेत बसायचा, संध्याकाळी दमल्यासारखा घरी यायचा. कळलं तेव्हा चैताली तान्ह्या सलोनीला घेऊन माहेरी आली आणि चार महिने राहिली. पुढे चेतनला काम मिळालं, तो सावरला, चैताली परत वारज्याच्या घरी गेली. सासरी, शेजारी, नात्यागोत्यात कोणालाही यातलं काही कळलं नाही. नवराबायकोसुद्धा पुन्हा त्यावर बोलली नाहीत.

गेल्या डिसेंबरात एका रविवारी चैताली अचानक विश्रांतवाडीला आली. चप्पल न काढता उंबऱ्यातच उभी राहिली आणि मोबाइलवरून काहीतरी वाचायला लागली. दोन ओळींत नंदाबाईंना कळलं की हे आपलंच पत्र आहे. पूर्णिमाच्या मराठी मंडळाने सुवर्णमहोत्सवाला एक पुस्तक काढलं होतं, पुण्याच्या पत्रांचं. डांबर, माठ, भजी होतीच, आणि सत्तराव्या पानावर चेतनचा डबाही होता, संभाजी बागेसकट, नावागावासकट. पुस्तक इंटरनेटवर चढलं होतं. चेतनच्या चुलतभावाला ते सापडलं आणि त्याने एका साखरपुड्यात सगळ्यांसमोर हसत हसत वाचून दाखवलं. चेतन ताटावरून उठून गेला होता.

"तिकडच्या मुलांना धडा म्हणून देतात, आई," चैताली म्हणाली. "खाली प्रश्न आहेत. चेतनने खोटे का सांगितले? पाच ओळींत उत्तर लिहा."

एवढं बोलून ती गेली. त्यानंतर फोन नाही, सलोनीला पाठवणं नाही. नंदाबाईंनी वीसेक वेळा फोन केला, तो उचलला गेला नाही. एकदा बसने वारज्याला जाऊन आल्या, दार चेतनने उघडलं आणि चैताली घरात नाही असं सांगितलं. आत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. चेतन त्यांच्याकडे बघत नव्हता, आणि त्याही त्याच्याकडे बघू शकल्या नाहीत.

नंदाबाईंनी डूख धरला तो तिथून. छत्तीस वर्षं जिला बहीण मानलं तिने केसाने गळा कापला होता. खडसावून पत्र लिहावं असं आधी मनात आलं. पण त्यावर क्षमा मागणारं गोडगोड उत्तर येणार, आणि न जाणो, बाई तेही पुढच्या पुस्तकात छापणार. म्हणून त्यांनी काहीच लिहिलं नाही. नुसत्या धुमसत राहिल्या. भांडी घासताना मनातल्या मनात पूर्णिमाशी भांडायच्या, आणि त्या भांडणात दरवेळी जिंकायच्या.

मार्चच्या शेवटी तिचंच पत्र आलं. तेच वळणदार अक्षर. नंदाचे पत्र का नाही याची काळजी, मग थोडं पावसाचं, आणि मग असं: "मी मे महिन्यात पुण्यास येण्याचे योजिले आहे. वय झाले, आता नाही तर कधी? काही गोष्टी पत्रात लिहिण्यासारख्या नसतात, त्या प्रत्यक्ष बोलावयाच्या आहेत. हवामान कसे असेल? कोणते कपडे आणू? खडकवासल्यास कोणत्या बसने जावे? तू सांगशील तसेच करीन."

प्रत्यक्ष बोलायचंय म्हणे. बोलायचंय कसलं, दुसऱ्या भागासाठी माल गोळा करायचा असणार. नंदाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. मग शेवटची ओळ त्यांनी पुन्हा वाचली, आणि चहाचा कप बाजूला ठेवून शांतपणे कागद पुढे ओढला. छत्तीस वर्षं ग्रीष्म ऋतू बघायचा होता ना हिला? बघू दे की मग.

एक गोष्ट मात्र त्यांनी आधी ठरवली. खोटा शब्द लिहायचा नाही. शील मोडायचं नाही आणि खिडकीचं नावही घालवायचं नाही. जे लिहायचं ते खरंच, फक्त सगळं नाही. चौतीस वर्षांची विद्या त्यांनी त्या एका पत्रात ओतली, आणि लिहिताना कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं.

हवामानाचं त्यांनी लिहिलं की माझ्या गॅलरीतला थर्मामीटर मे महिन्यात रोज सकाळी सहाला चोवीसच्या आसपास असतो. हे अगदी खरं होतं. दुपारी तो काय दाखवतो हे तिने विचारलं नव्हतं. पाऊस बहुधा नसतो, तेव्हा छत्रीचं ओझं नको, हेही खरं. पाणी जागोजागी विकत मिळतं, बरोबर वागवायचं कारण नाही. दुपारी एक ते चार आमचं शहर शांत असतं, बसमध्ये हमखास बसायला मिळतं, हे तर साऱ्या जगाला ठाऊक आहे. कपड्यांचं म्हणशील, तर पुण्याच्या बायका बाहेर पडताना नीटनेटक्या असतात, आणि फोटोतली तुझी ती जांभळी रेशमी साडी तुला फार शोभते.

मग मार्ग. स्टेशनहून स्वारगेट आणि तिथून सिंहगड रस्त्याने खडकवासला, हा सरळ रस्ता शेंबडं पोरही सांगेल. नंदाबाईंनी तो लिहिला नाही. स्टेशनहून दुपारी साडेबाराची बस घे, डेक्कनला उतर, तिथून वारज्याची घे. वारज्याला हायवेचा पूल गेला की पुढच्या थांब्यावर उतर, तिथे लष्करी अकादमीच्या फाटकाकडे जाणारी बस येते. फाटकापासून धरण फार लांब नाही, असं त्यांनी लिहिलं, मग पेन थांबलं. हे खोटं झालं असतं. आत पास लागतो, आणि बाहेरून बाहेरून चालायचं म्हणजे पायांचे तुकडे. त्यांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, "फाटकापाशी धरणाची दिशा कोणीही दाखवेल."

वारज्याचा तो थांबा त्यांनी उगाच निवडला नव्हता. शेड नाही, झाड नाही, जमिनीत रोवलेला एक लोखंडी खांब. मागे तापलेली भिंत, पुढे ट्रकांचा धूर, आणि दुपारी बस यायची ती पाऊण पाऊण तासाने. सगळ्या पुण्यात त्याहून वाईट थांबा शोधून सापडला नसता. शिवाय तिथून समोरच चैतालीची पिवळी इमारत दिसायची. जिचा संसार हिने चव्हाट्यावर मांडला, तिच्या दारासमोर उन्हात उभी राहू दे, आणि हिला ते कळूही नये, असा नंदाबाईंचा हिशोब होता.

पाकीट डकवताना त्यांना सासवडचा एक म्हातारा आठवला. अशाच एका मे महिन्यात तो खिडकीशी आला होता. आत सावलीत बसा, बस आली की सांगते, असं त्या दोनदा म्हणाल्या, पण बस चुकेल म्हणून तो बाहेर कठड्यावरच बसून राहिला. बस आली तेव्हा तो उठला नाही. ऊन काय करतं हे नंदाबाईंना पुस्तकात वाचायची गरज नव्हती. पूर्णिमा सदुसष्ट वर्षांची होती. नंदाबाईंनी पाकिटावर जीभ फिरवली, वरून मूठ दाबली आणि त्याच पावली जाऊन पत्र टाकून आल्या.

बुद्धपौर्णिमा होऊन तीन दिवस झाले होते, वारज्याहून खिरीचं बोलावणं आलं नव्हतं. सकाळी अकराला फोन वाजला. आदल्या रात्री पूर्णिमा पुण्यात पोचली होती, स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये उतरली होती. आवाज नंदाबाईंनी पहिल्यांदाच नीट ऐकला, जरा घोगरा, आणि बोलणं छापील. तिने सांगितलं की खोली अतिशय थंड आहे, जांभळी साडी नेसून झाली आहे, पत्र पर्समध्ये आहे. आज पत्राप्रमाणे खडकवासला आणि संध्याकाळी तुझ्या घरी. तू बरोबर येशील का, असंही तिने विचारलं. नंदाबाईंनी गुडघ्याचं कारण सांगितलं, तेही खरं होतं.

अजूनही वेळ होता. थांब, ऊन फार आहे, संध्याकाळी जाऊ, एवढंच म्हणायचं होतं.

"निघ आता," नंदाबाई म्हणाल्या. "साडेबाराची चुकवू नकोस."

त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं. भाकरी, कैरीची चटणी, वर ताक. घड्याळ समोर ठेवून त्या पूर्णिमाच्या मागे मागे चालल्या होत्या. साडेबारा, सुटली. पत्र्याचं छप्पर, खिडकीतून भट्टीची झळ. एक वाजून दहा, डेक्कन. तिथे एक झाड आहे, तेवढी सुटली. पावणेदोन, वारजे. आता खांब. आता रेशीम अंगाला चिकटलं असेल. आता छत्री आठवली असेल. दोनला उठून त्यांनी गॅलरीतला थर्मामीटर पाहिला आणि रोजच्या वहीत रोजच्यासारखा आकडा टिपला, एक्केचाळीस. मग आडव्या झाल्या, आणि पंखा बघत मनाशी म्हणाल्या की लिही आता पाच ओळींत उत्तर.

सव्वातीनला फोन वाजला. पडद्यावर चैतालीचं नाव होतं. पाच महिन्यांनी ते नाव तिथे उजळलं होतं, आणि नंदाबाईंनी झटकन फोन कानाला लावला.

"आई, पूर्णिमामावशी माझ्याकडे आहेत," चैताली म्हणाली. "त्यांना ऊन लागलंय. तू ये."

लेक 'ये' म्हणाली होती. आणि ती बाई लेकीच्या घरात होती. दोन्ही एकदम अंगावर आलं, पण आधी आला तो संतापच. लेकीचा संसार छापून झाला, आता त्यात शिरलीही. आयुष्यभर बसशिवाय कशात न बसलेल्या नंदाबाईंनी रिक्षा केली आणि विश्रांतवाडीपासून वारज्यापर्यंत दात आवळून बसल्या. गरम वारा तोंडावर आपटत होता. सांगायचं काय काय ते त्यांनी सगळं ठरवून ठेवलं, लेकीसमोर, तोंडावर, एकदाचं.

चौथ्या मजल्यावरच्या खोलीत पडदे ओढलेले होते. कॉटवर चैतालीचा गाऊन घातलेली एक बारीकशी म्हातारी पडली होती, कपाळावर ओला पंचा, हाताला सलाईन, ओठ फुटलेले. खुर्चीवर जांभळी साडी वाळत घातली होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर येऊन गेले होते. आणखी अर्धा तास ही बाई उन्हात राहिली असती तर मला बोलावून उपयोग नव्हता, असं ते म्हणाल्याचं चैतालीने सांगितलं. ते सांगताना ती आईकडे बघत नव्हती.

पूर्णिमाने डोळे उघडले आणि नंदाबाईंना ओळखलं. सलाईन नसलेला हात तिने पुढे केला.

"नंदा, तू किती चांगली आहेस," ती म्हणाली. "तू मार्ग वारज्यावरून दिलास, तेव्हाच मी समजले. आधी चैतालीची क्षमा, मग धरण. तुला हेच सांगावयाचे होते ना?"

नंदाबाईंना काही कळेना. हळूहळू कळलं ते असं. डिसेंबरातच चैतालीने त्या मंडळाला एक जळजळीत ईमेल पाठवला होता. तो वाचून पूर्णिमाने पुस्तक इंटरनेटवरून उतरवायला लावलं, घरोघर हिंडून छापील प्रती परत गोळा केल्या आणि वर्गात तो धडा बंद केला. तिच्या लेखी ते धैर्याचं पत्र होतं, पडलेला माणूस उठतो त्याचं, आणि तिकडचं पुस्तक वाचून इकडे कोणी हसेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. हे कागदावर लिहून भागणार नाही म्हणून ती विमानात बसली होती. नंदाच्या पत्रात वारज्याचं नाव वाचल्यावर तिने सलोनीच्या बारशाला पाठवलेल्या झबल्याच्या पार्सलची जुनी पावती शोधली, पत्त्यासाठी. थांब्यावर उतरून पत्ता विचारत ती तीन इमारती चुकली, उन्हात तासभर हिंडली, वॉचमनने हाताला धरून वर आणली. दारात म्हणाली, मी पूर्णिमा, मी क्षमा मागावयास आले आहे, आणि उंबऱ्यावरच कोसळली.

"साडी जरा जड झाली," ती आता ओशाळून म्हणाली. "तुझे पत्र अगदी बरोबर होते. मलाच ऊन सोसले नाही."

नंदाबाई पाणी आणायला म्हणून स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग चैताली आली, दार लोटलं आणि एक घडी घातलेला कागद तिने ओट्यावर ठेवला. घामाने शाई फुटली होती, पण अक्षर लागत होतं.

"फोन शोधायला त्यांची पर्स उघडली, त्यात होतं," ती म्हणाली. "तीनदा वाचलं मी. खोटं कुठे आहे ते शोधत होते."

"नाही सापडणार," नंदाबाई म्हणाल्या.

"नाही सापडलं."

नंदाबाईंचा आवाज चढला. तिने तुझा संसार जगासमोर मांडला, तुझा नवरा भरल्या ताटावरून उठला, तू मला तोडलंस, नात तोडलीस, आणि मी तिला आरती ओवाळायची होती का? माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? चैतालीने सगळं ऐकून घेतलं. पलीकडे ती बाई खोकत होती.

"तिने छापलं, आई," ती मग हळूच म्हणाली. "पण तिला सांगितलं कोणी?"

पाच महिन्यांत हा प्रश्न नंदाबाईंना कोणी विचारला नव्हता, त्यांनी स्वतःलाही नाही. भांडी घासताना झालेल्या इतक्या भांडणांत पूर्णिमानेही तो विचारला नव्हता. त्यांनी माठातलं पाणी घेतलं आणि तांब्या बाहेर नेऊन ठेवला.

संध्याकाळी ऊन उतरलं तशी पूर्णिमा उशीला टेकून बसली. चेतन कामावरून आला. तिने त्याच्यासमोर हात जोडले, तेव्हा तो गडबडला, असू द्या असू द्या म्हणत कोकम सरबत करायला आत पळाला. सलोनी तिच्या पायाशी बसून मॉरिशसमध्ये हत्ती असतात का ते विचारत होती. सलोनीने आजीकडे दोनदा पाहिलं, पण जवळ आली नाही. नंदाबाई भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. पूर्णिमावरचा राग अजून गेला नव्हता, फक्त त्याला आता बसायला जागा उरली नव्हती.

पूर्णिमाला खडकवासला अजूनही बघायचं होतं. मे महिन्यात धरणाचा तळ दिसतो, पाणी पार आत गेलेलं असतं, असं चेतनने समजावलं. तरी ती म्हणाली की छत्तीस वर्षं वाचलं आहे, चिखल असला तरी चालेल, पण बसनेच जाईन, पत्रात नेहमी बसच होती. चैताली म्हणाली, ठीक आहे, दोन दिवस विश्रांती घ्या, रविवारी ऊन उतरल्यावर मी नेते.

"इथून कोणती बस, नंदा?" पूर्णिमाने विचारलं.

उत्तर तोंडात तयार होतं. वारज्याहून हायवेने वडगावच्या पुलापर्यंत, तिथे खाली उतरून सिंहगड रस्त्याने जाणारी कोणतीही खडकवासल्याची, पुलाखाली सावली आहे, सगळं मिळून तास लागत नाही. नंदाबाईंनी तोंड उघडलं.

"थांबा मावशी," चैताली उठत म्हणाली. "मी खाली जाऊन विचारून येते कोणाला तरी."

तिने चप्पल घातली आणि आईच्या खुर्चीवरून पुढे होऊन ती जिना उतरली. पाच मिनिटांनी वर आली, दारातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहीत म्हणाली की वॉचमन सांगतोय, आधी उलटं स्वारगेटला जायचं आणि तिथून दुसरी बस घ्यायची.

"त्याने दीड तास वाढेल," नंदाबाई म्हणाल्या. "वडगावच्या पुलावरून जा."

चैतालीने ऐकलं. मान हलवली. मग वॉचमनने सांगितलेली बसच कॅलेंडरवर नीट लिहून पूर्ण केली, आणि पेन्सिल जागेवर ठेवली.